संगमेश्वराच्या पायऱ्या आणि नारिंगी फिल्टर

पुण्यात आणि पुण्याच्या आसपास जी जुनी देवळं, घाट, वाड्यांची जोती उरलीयत ती बघा, बहुतेक सगळं काळ्या दगडात आणि चुन्यात आहे. मधे कुठे सागवान, कुठे पातळ विटा, पण मूळ माल हाच. हा आपला बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला, अगदी जवळ डोळा नेला तर त्यात बुडबुड्यांची बारीक बारीक भोकं दिसतात. रंग जो काही असतो तो माणसांनी वरून आणलेला, शेंदूर, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, भगवा झेंडा, वाळत घातलेली लुगडी. मला हे रंग आवडतात, पण ते डोळ्यात इतके भरतात की मागचा दगड दिसेनासाच होतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर तीच जागा काढली की दगड पुढे येतो, आणि मग कळतं की काळा हा एक रंग नाहीये, ओला काळा वेगळा, कोरडा वेगळा, तेल पिऊन पिऊन झालेला वेगळा, पायाखाली घासून चकाकणारा अजून वेगळा.

लोक फोटो बघून म्हणतात "अरे वा, एकदम जुन्या काळातला वाटतोय" आणि ते कौतुकानं म्हणतात, मला ते पोचतं पण. फक्त मला फोटोत जुना काळ नको असतो, मला आत्ताचा दगड हवा असतो, त्या दिवशी सकाळी त्याच्यावर जो उजेड होता तो. आमच्या बाहेरच्या खोलीत सासवडच्या संगमेश्वराचा जो फोटो लावलाय त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं की हा केला कसा, कॉम्प्युटरवर केला का, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

संगमेश्वर पुण्यापासून तीसेक किलोमीटर, हडपसरवरून दिवेघाट चढून सासवड. माउलींची पालखी जाते तोच रस्ता, आणि सासवडला सोपानदेवांची समाधी आहे त्यामुळे वारीत इथे मुक्काम असतो. कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांच्या संगमावर देऊळ, खाली पाण्यापर्यंत उतरणारा दगडी घाट, वर दीपमाळ, नंदी, आणि सगळं एकमेकाला धरून असं बांधलंय की कुठे उभं राहिलं तरी पायऱ्यांच्या रेघा तुम्हाला वर देवळाकडेच नेतात. कऱ्हेला एरवी पाणी बेताचंच, म्हणून जायचं ते पावसाळा सरता सरता. तेव्हा हवाही धुतलेली असते, धूळ बसलेली असते, आभाळात पांढरे ढग असतात, आणि मुख्य म्हणजे दगडाच्या खालच्या पायऱ्या ओल्या आणि वरच्या कोरड्या असतात. एकाच दगडाचे दोन काळे एकाच फ्रेममध्ये, मला हेच हवं होतं.

कॅमेरा माझा याशिका मॅट १२४ जी, दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा. एकशेवीसच्या रोलवर चौकोनी बारा फोटो येतात. दुधी काचेवर चित्र दिसतं ते डावं-उजवं उलटं दिसतं, सुरुवातीला गोंधळ होतो पण त्याचा फायदाच आहे, देऊळ देऊळ म्हणून न दिसता नुसत्या काळ्या-पांढऱ्या चौकटी म्हणून दिसतं आणि तोल कुठे जातोय ते लगेच कळतं. शिवाय घाटावरच्या माणसांना कोणीतरी आपल्यावर भिंग रोखलंय असं वाटत नाही. एक आजी पाण्यातून वर आल्या, ओला पदर पिळत माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, मघाधरनं बघतेय, मान खाली घालून काय शोधतीयस?" मी त्यांना काचेत बघायला दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, देऊळ केवढुसं झालं, पण सगळं आहे की गं यात. नंदीसुद्धा आहे." मग मला दर्शन घेऊनच जा म्हणून सांगून गेल्या.

आता रंगांचं काय होतं ते सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ते समजल्याशिवाय फिल्टर कशाला लावायचा तेच कळत नाही. फिल्मला रंग दिसत नाहीत, तिला फक्त किती उजेड आला ते कळतं. समजा शेंदूर लावलेला मारुती आहे आणि मागे पिंपळाची हिरवी पानं आहेत, डोळ्याला दोन्ही किती वेगळी दिसतात, पण साध्या फिल्मवर दोन्हीचा करडा जवळजवळ सारखाच उतरू शकतो आणि मारुती पानात मिसळून जातो. आता नारिंगी फिल्टर लावा. शेंदराचा उजेड त्यातून सरळ आत येतो, मारुती फिकट होतो, पानं जरा गडद होतात, निळं आभाळ बरंच गडद होतं. लाल फिल्टर लावला तर शेंदूर जवळजवळ पांढराच पडतो आणि आभाळ काळंकुट्ट, वादळ आल्यासारखं, मला ते देवळावर आवडत नाही, फार नाटकी वाटतं. हिरवा लावला तर उलटं, पानं उजळतात आणि मारुती काळवंडतो. म्हणजे तोच मारुती, तीच फिल्म, काचेचा एक तुकडा बदलला की कोण पुढे आणि कोण मागे ते बदलतं, आणि हे फोटो काढायच्या आधी ठरवायचं असतं.

आपल्या पणज्यांचे जुने फोटो आठवून बघा, त्यात कपाळावरचं कुंकू नेहमी काळंभोर दिसतं. त्याचं एक मोठं कारण हेच, त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म लाल उजेडाला आंधळ्या होत्या, लाल म्हणजे त्यांना काळोखच. नंतर पँक्रोमॅटिक फिल्म आल्या त्यांना सगळे रंग उजेड म्हणून दिसतात, म्हणून तर आज त्या लाल दिव्यात धुता येत नाहीत, पूर्ण अंधारच लागतो.

संगमेश्वराला मी नारिंगी फिल्टर आणि इलफर्डची एफपी४ प्लस फिल्म वापरली, स्पीड १२५ (हा आकडा जेवढा मोठा तेवढ्या कमी उजेडात फिल्म चालते). ४०० ची एचपी५ पण चांगली आहे आणि हातात धरून काढायचं तर तीच घ्यावी, पण ट्रायपॉड असताना बारीक दाण्याची घ्यावी असं माझं मत, दगडाचा पोत फिल्मच्या दाण्यात हरवता कामा नये.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फिल्मला किती उजेड द्यायचा त्याबद्दल, जे काही मला येतं ते आमच्या नारायण पेठेतल्या शेजारच्या काकांनी शिकवलंय. त्यांचा स्टुडिओ होता, लग्नं, मुंजी, पासपोर्ट सगळं, आणि ते स्वतः ज्यांच्याकडे शिकले ते गृहस्थ प्रभातच्या लॅबमध्ये होते, म्हणजे प्रभात कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली त्यानंतरच्या काळात. १९६० पासून त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्यामुळे काकांकडे जे ज्ञान आहे ते पुस्तकी नाहीये, हातातून हातात आलेलं आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात ऊटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू फिल्म आणि तिकडून पूर्व जर्मनीची ओर्वो मिळायची, आणि जे मिळेल त्यात काम चोख करायचं अशी त्यांची पद्धत. आता वय झालंय, स्वतः काढत नाहीत, पण मी निगेटिव्ह घेऊन गेले की खिडकीशी उभे राहून इतक्या बारकाईनं बघतात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सावलीत काही आहे का ते दाखव आधी. उजेडातलं नंतर बघू."

याचा अर्थ असा की निगेटिव्ह फिल्मवर सावलीत जर उजेड पुरेसा पोचला नाही तर तिथे काहीच नोंद होत नाही, फिल्म काचेसारखी कोरी राहते, आणि नंतर कितीही काही करा ते परत येत नाही. उजेडाचा भाग मात्र डेव्हलपिंगच्या, म्हणजे फिल्मवर रसायनानं चित्र उमटवायच्या वेळी आवरता येतो. म्हणून एक्स्पोजर सावलीसाठी द्यायचं आणि डेव्हलपिंग उजेडासाठी करायचं. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमाराला यालाच नीट बांधून झोन सिस्टीम केली, पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे झोन, मधला पाचवा म्हणजे उजेड मोजणाऱ्या मीटरला अपेक्षित असलेला मध्यम करडा. मीटर बिचारं प्रामाणिक असतं, त्याला काळा दगड दाखवला की त्याला वाटतं हा करडाच आहे, उजेड कमी आहे, आणि ते जास्त एक्स्पोजर सांगतं. तसं ऐकलं तर संगमेश्वराचा दगड सिमेंटसारखा दिसेल. त्याला तिसऱ्या झोनमध्ये बसवायचं, म्हणजे मीटर सांगतं त्यापेक्षा दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), मग तो काळाही राहतो आणि त्यातला पोतही दिसतो.

तर हिशोब असा. नंदीच्या बाजूच्या सावलीतल्या दगडाचं मीटर मोबाइलवरच्या ॲपनं घेतलं, एफ १६ ला, म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवून, १/८ सेकंद आलं. तो दगड तिसऱ्या झोनमध्ये हवा म्हणून दोन स्टॉप कमी, झालं १/३०. नारिंगी फिल्टर दोन स्टॉप उजेड खातो आणि मोबाइलचं मीटर काही त्या फिल्टरमधून बघत नाही त्यामुळे ते आपणच धरायचं, परत दोन वाढवले, परत १/८. इथपर्यंत पुस्तकात असतं. पण काकांनी एक गोष्ट सांगितली होती ती मला फार मोलाची वाटते. उघड्यावरची सावली जी असते तिच्यात सूर्य नसतो, तिच्यावर उजेड पडतो तो निळ्या आभाळाचा, म्हणजे तो उजेड स्वतःच निळसर असतो, आणि नारिंगी फिल्टर निळ्यालाच अडवतो. म्हणजे उन्हातल्या दगडाला फिल्टर दोन स्टॉप खात असेल तर सावलीतल्याला त्याहून जास्त खातो. काका म्हणाले होते, "नारिंगी लावलास की सावलीला आणखी एक द्यायचा, कंजूषपणा नाही करायचा." म्हणून १/४ सेकंद दिलं. एफ १६ ठेवला तो पुढून मागपर्यंत सगळं धारदार हवं म्हणून, ऐंशी मिलिमीटरच्या भिंगाला एफ १६ वर फोकस आठ मीटरला ठेवला की साधारण चार मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प येतं, आणि माझी पहिली पायरी चार मीटरच्या थोडी पलीकडे होती.

१/४ सेकंदात कऱ्हेचं पाणी हलकंसं पुसलं जातं, अगदी धूर होत नाही, फक्त त्याची चमक मऊ होते आणि शेजारचा ओला दगड जास्त टणक वाटतो. हे मला खूप आवडतं. दोन-चार सेकंद देऊन पाण्याचं दही करतात ते मला पटत नाही, नदी नदीसारखी दिसली पाहिजे.

आणि ते धोतर. वरच्या पायऱ्यांच्या कठड्यावर कोणीतरी अंघोळ करून धोतर वाळत टाकलं होतं. आधी मला वाटलं हे फ्रेमबाहेर ठेवावं, मग काचेत बघितलं तर त्या सगळ्या काळ्या दगडात तेवढाच एक पांढरा, आणि त्याच्यामुळेच बाकीचा काळा किती काळा आहे ते कळत होतं. ठेवलं. मीटर घेतलं तर ते सावलीपेक्षा पाच स्टॉप वर, म्हणजे तिसऱ्यावर पाच आठवा झोन, आणि मी सावलीसाठी वर एक दिला होता म्हणजे नववा, तिथे सुताचा पोत जायला लागतो. मग ते आवरायचं काम घरी डेव्हलपिंगमध्ये.

डेव्हलपर मी डी-७६ स्वतः कालवते. कोडॅकनं हे १९२७ मध्ये आणलं आणि त्याचा फॉर्म्युला काही गुपित नाही, १ लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी कढत नको, हाताला चांगलं गरम लागेल असं, पन्नास डिग्रीच्या आसपास. आधी चिमूटभर सल्फाइट टाकायचं मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट, कारण सल्फाइट जास्त झालं की मेटॉल विरघळत नाही. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, अंदाजपंचे करू नका. हातमोजे घाला, मेटॉलची काहींना ॲलर्जी होते, आणि स्वयंपाकातली भांडी याला अजिबात वापरू नका.

एफपी४ ला डी-७६ एकास एक पाण्यात २० डिग्रीला ११ मिनिटं. धोतरासाठी मी ९ मिनिटंच दिली, सावली फार बदलत नाही पण उजेडाचा भाग खाली येतो, कारण डेव्हलपर पहिल्या काही मिनिटांत सावलीचं काम जवळजवळ उरकतो आणि नंतरचा सगळा वेळ उजेडाच्या भागातच चांदी वाढवत बसतो. पुण्यात खरा त्रास तापमानाचा. नळाचं पाणी ऑक्टोबरात सहज पंचवीसच्या वर, उन्हाळ्यात तर विचारूच नका, आणि दर डिग्रीला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावी लागते, फार कमी वेळ झाली की सगळीकडे सारखं डेव्हलप होत नाही. म्हणून टँक, डेव्हलपर, फिक्सर सगळं एका मोठ्या घमेल्यात पाण्यात ठेवायचं, त्यात बर्फाचे खडे टाकत टाकत वीसवर आणायचं, आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवायचं. डेव्हलपर ओतल्यावर पहिले दहा सेकंद टँक हलकेच उलटापालटा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. जोरजोरात हलवलं तर धोतर परत नवव्या झोनमध्ये जाऊन बसेल. मग डेव्हलपिंग थांबवणारा स्टॉप बाथ, मग हायपो म्हणजे फिक्सर, मग पाणी. हायपो उजेड न लागलेली चांदी धुऊन नेतो आणि जी उरते ती चांदीच, म्हणजे तुमच्या हातातली निगेटिव्ह ही खरोखर चांदीचं चित्र असते, दगडाच्या सावलीपासून उन्हापर्यंत चांदीचा कमीजास्त थर. मला हे माहीत असूनही दर वेळी रीळ बाहेर काढताना बरं वाटतं.

निगेटिव्ह वाळवायला बाथरूममध्ये, शॉवर जरा वेळ गरम चालवून, म्हणजे धूळ खाली बसते. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी हा मोठा शत्रू, निगेटिव्ह पूर्ण सुकल्यावर स्लीव्हमध्ये आणि डबा सिलिका जेल घालून बंद. कपाटात खालच्या कप्प्यात भिंतीला लागून ठेवू नका, पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती कशा असतात ते आपल्याला माहितीये.

प्रिंट मात्र काकांच्या एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर. त्यांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा बाकी सगळं दिलं, हा ठेवला होता, आणि तो आता त्यांच्या माडीवरच्या खोलीत लाल दिव्याखाली चालतो. कागदाला फक्त निळा-हिरवा उजेड दिसतो म्हणून इथे लाल दिवा चालतो. मल्टिग्रेड फायबर कागद, आठ बाय दहाचा, त्यात चौकोनी प्रिंट. आधी कागदाच्या पट्टीवर वेळ तपासायची टेस्ट स्ट्रिप काढली, अडीच ग्रेडला (ग्रेड जेवढी वरची तेवढा काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त) एफ ८ वर १६ सेकंद बरोबर वाटले. नंदीची सावली फार काळी होऊ नये म्हणून तिच्यावर पुठ्ठ्याचा छोटा तुकडा तारेला लावून तीन सेकंद धरला, तो सतत हलवत ठेवायचा नाहीतर त्याची कड उमटते. उलट धोतराला भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून आठ सेकंद जास्त. आभाळाच्या वरच्या कडेला थोडं जास्त. एवढंच. याच्यापेक्षा जास्त हात चालवावा लागला तर निगेटिव्हमध्येच काही कमी आहे असं काका म्हणतात.

कागद डेव्हलपरमध्ये सरकवला की काही सेकंद काहीच होत नाही, मग आधी सगळ्यात काळ्या जागा येतात, नंदीखालची फट, दीपमाळेच्या हातांच्या खालच्या सावल्या, मग ओल्या पायऱ्या, मग कोरड्या, आणि सगळ्यात शेवटी धोतराच्या घड्या. त्या घड्यांमध्ये सूत दिसलं, आडवे-उभे धागे नाही म्हणणार मी, पण कापड आहे हे कळण्याइतपत पोत, पांढऱ्या डागासारखं नाही. फायबर कागद वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओला प्रिंट अगदी हवा तसा दिसला तर तो वाळून काळपट होणार हे धरायचं आणि एक-दीड सेकंद कमी द्यायचं.

आता बघायचं कसं. असे फोटो आपण मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत बघतो आणि "मस्त" म्हणून पुढे जातो, त्यात फोटोचा दोष नाही पण त्यात काही हातीही लागत नाही. प्रिंट असेल तर खिडकीजवळ न्या, थेट उन्हात नको. आधी सगळ्यात काळी जागा शोधा, मग सगळ्यात पांढरी. मग त्या काळ्याच्या शेजारचा काळा बघा आणि दोघांत फरक आहे का ते बघा, माझ्या मते अशा फोटोची सगळी किंमत तिथे ठरते. या प्रिंटमध्ये ओल्या पायरीची कड एका पातळ चकाकत्या रेघेसारखी दिसते, त्याच्याखाली उभा भाग जवळजवळ काळा, त्याच्यावर कोरडी पायरी मध्यम करडी, आणि पायरीचा मधला भाग कडांपेक्षा किंचित उजळ. तो का उजळ असेल असं मला एकांनी विचारलं. पाय. इतकी वर्षं माणसं मधूनच चढतात-उतरतात, दगड तिथे गुळगुळीत झालाय आणि आभाळाचा उजेड परतवतो. प्रत्यक्ष घाटावर उभं राहून मला ते दिसलं नव्हतं, शेवाळाचा हिरवा, पाण्यावरची झेंडूची फुलं, कोणाची जांभळी साडी, सगळं एकदम डोळ्यात येत होतं.

रंगीत डिजिटल फोटो घेऊन नंतर ब्लॅक अँड व्हाइट केला तर हे येत नाही का, येतं, बरंच येतं, चांगलं करणारे लोक आहेत आणि मी त्यांचं काम आवडीनं बघते. मला फिल्म आवडते ती यासाठी की घाटावरच ठरवावं लागतं, नारिंगी की पिवळा, सावली कुठल्या झोनमध्ये, धोतर आत की बाहेर, आणि ठरवायचं म्हणजे बघत राहावं लागतं. अर्धा तास एकाच पायरीकडे बघत बसायला दुसरं काही कारण मला मिळालं नसतं.

ज्यांना लांब जायचं नाही त्यांच्यासाठी पुण्यातच दोन जागा सांगते. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती, १७५४ ला काम सुरू झालं आणि १७७० ला पुरं झालं, दर्शनी भिंत पूर्ण काळ्या दगडात कोरलेली, त्यात गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई आहेत, नीट बघितल्याशिवाय दिसत नाहीत. उथळ कोरीव काम आहे त्यामुळे समोरून उजेड असेल तर सगळं सपाट येतं, ऊन भिंतीला घासून तिरकं येईल तेव्हाच काढायचं, आणि ती वेळ दर ऋतूत बदलते, तिथे जाऊन बसूनच कळते. फिल्टरची गरज नाही, दगड एकाच रंगाचा आहे. दुसरं जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर, आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं, तो गोल नंदीमंडप तर फिल्मसाठीच केल्यासारखा आहे. खांबांच्या आत काळोख आणि बाहेर अंगणात ऊन, फरक इतका असतो की वर सांगितलेलं सगळं तिथे कामाला येतं, एक्स्पोजर वाढवा आणि डेव्हलपिंग बरंच कमी करा. पुरातत्त्व खात्याची जागा आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी विचारून घ्या, नाहीतर एचपी५ घालून खांबाला टेकून काढा.

काकांना संगमेश्वराचा प्रिंट दाखवला तेव्हा त्यांनी सावलीपासूनच सुरुवात केली, नंदीखाली बोट ठेवलं, मान हलवली, मग म्हणाले, "चांगलाय. पण तीन ग्रेडवर काढ गं, दगडाला जोर येईल." मला तसं वाटत नाही, तीनवर ओल्या आणि कोरड्या पायऱ्यांमधला मधला करडा जो आहे तो उडून जाईल आणि तोच तर मला हवाय, तर आमचा यावर बराच वाद झाला, काकूंनी चहा आणला तरी चालूच होता. शेवटी असं ठरलंय की रविवारी दोन्ही काढायचे, त्यांचा तीनवर आणि माझा अडीचवर, वाळवून शेजारी शेजारी ठेवायचे आणि काकूंना विचारायचं.